धावते समालोचन ही नोकरी का नाही?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेले काही दिवस आपल्या पत्रांच्या पानावर क्रिकेट समालोचकांची खरडपट्टी चालली आहे. कुणाला त्यांचे मराठी खटकते, कुणाला आरडाओरडा, कुणाला तीन-तीन माजी खेळाडूंच्या घरगुती गप्पा. तक्रारी रास्तच आहेत. पण खेळ डोळ्यांनी पाहून तोंडाने सांगण्याचा हा धंदा माणूस शिकतो कुठे, आणि त्यावर त्याचे पोट भरते का, हे एकाही पत्रलेखकाने विचारले नाही. म्हणून हे लांबलचक पत्र. कात्री लावायची तर खुशाल लावा, फक्त अमेरिकेतले स्पॅनिश समालोचक हारीन यांचा परिच्छेद तेवढा ठेवा.

मी पुण्याच्या क्लब क्रिकेटमध्ये निम्मे आयुष्य स्कोअर लिहिला. बाई स्कोअर लिहिते म्हटल्यावर सुरुवातीला लोक मुद्दाम येऊन वहीत डोकावून जात. पुढे भांडण झाले की तीच मंडळी माझी वही मागायला येऊ लागली. असो. जिथे माइक असे तिथे स्कोअररची खुर्ची माइकच्या शेजारी. समालोचक बोलता बोलता डाव्या हाताची बोटे हलवून विचारतो, षटकातले किती चेंडू झाले? आपण बोटांनीच उत्तर द्यायचे. तोंडाने बोललात तर ते सगळ्या मैदानाला ऐकू जाते. असे बसून बसून एक कळले. चेंडू पडत असताना जो कधीच माझ्या वहीकडे पाहत नाही, तो चांगला समालोचक. आकडा थांबतो, चेंडू थांबत नाही.

आता बेसबॉल. लॉस एंजेलिसला असलेल्या माझ्या भाच्याने मोबाइलवर तिकडच्या बेसबॉलचे रेडिओ प्रक्षेपण ऐकायची सोय करून दिली. तिथला संध्याकाळी ७.१० चा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी ७.४० ला सुरू होतो, म्हणजे माझे पाणी भरणे, भाजी निवडणे त्या आवाजाच्या सोबतीने होते. बेसबॉलची माझी माहिती म्हणजे शाळांच्या स्पर्धांत पाहिलेले सॉफ्टबॉल, तेवढीच. तरी थोड्याच दिवसांत मी नुसते ऐकून स्कोअर लिहू लागले. हे कौतुक माझे नाही, सांगणाऱ्याचे आहे. बाद किती झाले, कुठल्या बेसवर (धावताना थांबायच्या टप्प्यावर) कोण उभा आहे, या फलंदाजाला किती बॉल (वाइडसारखे बाहेरचे चेंडू) आणि किती स्ट्राइक (फलंदाजाविरुद्ध मोजलेले चेंडू) पडले, धावसंख्या काय, हे तो दर चेंडूला गप्पांच्या ओघात इतक्या सहज घालतो की मधूनच रेडिओ लावणाऱ्यालाही अर्ध्या मिनिटात चित्र दिसते.

ही सवय आपोआप लागत नाही. रेड बार्बर नावाचे त्यांचे एक आद्य समालोचक होते. अमेरिकेच्या मोठ्या, म्हणजे सर्वोच्च बेसबॉल लीगचा सामना टीव्हीवर पहिल्यांदा दिसला तो २६ ऑगस्ट १९३९ ला, ब्रुकलिनच्या मैदानावरून, आणि माइकवर हेच होते. रेडिओवर बोलताना ते अंडे उकडायला वापरतात तसले तीन मिनिटांचे वाळूचे घड्याळ समोर ठेवत. वाळू संपली की स्कोअर सांगायचा आणि घड्याळ उलटे करायचे. आपल्याकडे टीव्हीवर स्कोअर कोपऱ्यात लिहिलेला असतो म्हणून कुणी सांगत नाही, आणि मोबाइलवर नुसता आवाज ऐकणारा रिक्षावाला बिचारा आठ-दहा मिनिटे वाट पाहतो. (तिकडेही सगळे ऋषिमुनी नाहीत. फिल रिझुटो हे न्यूयॉर्क यांकीजचे माजी खेळाडू समालोचन करताना स्कोअरशीटवर कधी कधी चक्क ‘डब्ल्यू डब्ल्यू’ लिहीत. अर्थ काय, तर ‘वॉझन्ट वॉचिंग’, म्हणजे ‘लक्ष नव्हते’! माझ्या वहीत मी असे लिहिले असते तर क्लबच्या सेक्रेटरींनी मला घरी बसवले असते.)

याच बार्बर यांच्या हाताखाली १९५० साली २२ वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. विन स्कली. लहानपणी घरातल्या उंच पायांच्या रेडिओखाली सरपटत जाऊन तो प्रेक्षकांचा गलका ऐकत पडायचा. ब्रुकलिन डॉजर्स या एकाच संघासाठी तो २०१६ पर्यंत बोलत राहिला. ६७ मोसम! १९५८ मध्ये संघाने न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला बिऱ्हाड हलवले, हेही बरोबर गेले. तिथे सुरुवातीची वर्षे सामने ऑलिंपिकच्या जुन्या प्रचंड स्टेडियममध्ये होत. मागच्या रांगांतून खेळाडू मुंग्यांएवढे दिसत, म्हणून लोक ट्रान्झिस्टर घेऊन येत आणि समोर चाललेला खेळ स्कलींकडून समजून घेत. एकदा त्यांना कळले की आज एका पंचाचा वाढदिवस आहे. त्यांनी माइकवरून सांगितले, मी तीन म्हटले की सगळ्यांनी शुभेच्छा द्या. हजारो लोक एका सुरात ओरडले आणि तो पंच मैदानात चकित होऊन बघत राहिला. स्वारगेटच्या आपल्या नेहरू स्टेडियममध्येही लोक कानाला ट्रान्झिस्टर लावून बसत. १९९६ च्या विश्वचषकात तिथे केनियाने वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळले, त्या दिवशीचा स्टँडमधला गोंगाट मला अजून आठवतो. पण माइकवर कोण होते? शंभर पुणेकरांना विचारा.

स्कलींचे आणखी एक सांगते. ८ एप्रिल १९७४ ला अटलांटामध्ये हँक ॲरनने कारकिर्दीतला ७१५ वा होमरन (आपल्याकडचा षटकार म्हणा) मारून बेब रूथ या जुन्या दिग्गजाचा विक्रम मोडला. चेंडू कुंपणापार गेल्याचे सांगून स्कली गप्प झाले. बराच वेळ फक्त प्रेक्षकांचा आवाज. मग जे बोलले त्यातले लक्षात राहिले ते हे, की दक्षिणेतल्या एका शहरात लोक उभे राहून एका कृष्णवर्णीय माणसाला मानवंदना देत आहेत. आदल्या हिवाळ्यात ॲरनना जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रे येत होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या वाक्याचे वजन कळते. हे धाडस, आणि त्याआधीचे ते गप्प बसणे, एका मोसमाच्या करारावर आलेल्या माणसाला जमणार नाही. आपण ज्या घरात बोलतो आहोत ते घर आपल्याला ओळखते, अशी खात्री असावी लागते.

ही खात्री कशी मिळते? तर त्यांच्याकडे समालोचकाला शिडी आहे. मोठ्या लीगमध्ये ३० संघ, प्रत्येकाला आपापला रेडिओ समालोचक, आणि मोसमात प्रत्येक संघाचे १६२ सामने. म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर जवळजवळ रोज माइक. त्याच्याखाली छोट्या गावांतले १२० संघ. २०२१ च्या फेररचनेआधी तर १६० होते, आणि ती कपात झाली तेव्हा पुष्कळ होतकरू आवाजांच्या पोटावर पाय आला. या छोट्या संघातला समालोचक दुपारी जाहिराती मागत फिरतो, तिकिटे विकतो, वर्तमानपत्रांना टिपण पाठवतो, पाऊस आला तर मैदानावर ताडपत्री ओढतो आणि संध्याकाळी तीन तास एकटा बोलतो. रात्री खेळाडूंच्याच बसमधून पुढच्या गावी. पगार तुटपुंजा, पण काम रोजचे, आणि रियाज असाच होतो. अर्नी हारवेल अशाच एका संघासाठी अटलांटामध्ये बोलत होते. १९४८ मध्ये ब्रुकलिनला ते हवे झाले, तेव्हा अटलांटाच्या मालकाने बदल्यात काय मागितले? एक यष्टिरक्षक! झाला व्यवहार. समालोचकाला खेळाडूच्या तोलाची किंमत आहे, याचा याहून रोखठोक पुरावा मला सापडला नाही.

आणखी आधी, तारेच्या जमान्यात, परगावच्या सामन्याला माणूस पाठवणे परवडत नसे. तार यायची ती फक्त ‘स्ट्राइक’, ‘बॉल’ एवढीच, आणि स्टुडिओत बसलेला समालोचक त्यावरून आख्खा सामना उभा करायचा. आयोवा राज्यात डे मॉइन गावी हे काम करणारा एक तरुण पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला: रोनाल्ड रेगन. एकदा ऐन भरात तार बंद पडली. आता श्रोत्यांना काय सांगणार? तार पुन्हा सुरू होईपर्यंत रेगन यांनी त्या फलंदाजाला फाऊलवर फाऊल (रेषेबाहेर जाणारे फटके) मारायला लावले, कारण फाऊल स्कोअरशीटवर दिसत नाही. यात राजकारणाची तयारी दिसते असे कुणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. आज आपल्याकडे वेगवेगळ्या भाषांतले समालोचन मैदानापासून शेकडो मैलांवर, स्टुडिओतला पडदा बघून होते. कॅमेरा चेंडूमागे गेला की स्लिपमध्ये काय चालले आहे हे समालोचकालाही दिसत नाही. पडदा बघून सांगण्यात गैर काही नाही, पण त्यालाही रेगन यांच्यासारखी रोजची सवय लागते.

आता हाइमे हारीन. हे गृहस्थ १९५५ मध्ये इक्वाडोरहून अमेरिकेत आले तेव्हा त्यांनी बेसबॉल पाहिलासुद्धा नव्हता. स्पॅनिश रेडिओवर बातम्या देत. डॉजर्स लॉस एंजेलिसला आल्यावर त्या रेडिओने स्पॅनिशमधून सामने सांगायचे ठरवले आणि १९५९ पासून हारीन माइकवर आले. परगावच्या सामन्यांना सुरुवातीला त्यांना कुणी पाठवत नसे. स्टुडिओत बसून, कानात इंग्रजी समालोचन ऐकत, ते त्याच क्षणी स्पॅनिशमधून सामना उभा करत. पुढे १९६२ ते १९८४ या काळात त्यांनी एकही सामना चुकवला नाही. १९८१ मध्ये फर्नांडो व्हॅलेन्झुएला हा मेक्सिकोच्या खेड्यातून आलेला २० वर्षांचा डावरा पिचर (चेंडू फेकणारा) एकाएकी देशभर गाजला. त्याला इंग्रजी येत नव्हते. पत्रकारांपुढे त्याचा दुभाषा कोण? हारीन. त्या मुलाचे गाव, त्याची भावंडे, त्याचा लाजाळूपणा हे सगळे स्पॅनिश बोलणाऱ्या घरांत पोचले ते यांच्या तोंडून. २०२२ मध्ये निवृत्त झाले तेव्हा ६४ मोसम झाले होते. स्कलींसारखाच त्यांनाही समालोचकांचा सर्वोच्च मानला जाणारा फोर्ड फ्रिक पुरस्कार मिळाला. ध्यानात घ्या, ही इंग्रजीची मक्तेदारी असलेल्या देशात दुसऱ्या भाषेतली नोकरी होती. उपकार म्हणून दिलेली ‘प्रादेशिक सेवा’ नव्हती. संघाने ओळखले होते की या भाषेतले लोक उद्या आपल्या मैदानात तिकीट काढून बसतील, आणि ते बसले.

आपल्याकडे आवाज नव्हते का? पुण्याचे बाळ ज. पंडित यांनी मराठी धावते समालोचन घराघरांत नेले; माझ्या पिढीला क्रिकेटचे मराठी त्यांच्या तोंडून आले. महिलांचे म्हणाल तर भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांच्या कन्या चंद्रा नायडू १९७० च्या दशकातच माइकवर होत्या. अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये एखाद्या संघाची मुख्य समालोचक म्हणून पहिली बाई, जेनी कॅव्हनार, नेमली गेली ती २०२४ मध्ये. म्हणजे आपण मागे होतो असे नाही. आपण कुणाला कामावर ठेवले नाही, एवढेच. आकाशवाणीचे समालोचन म्हणजे नोकरी सांभाळून, रजा काढून, सामन्यापुरते मानधन घेऊन करायची हौस. प्राध्यापक, बँकवाले, वकील ही हौस करत आले आणि उत्तम करत आले, पण हौसेची परंपरा त्या माणसाबरोबर संपते. खासगी एफएमची दारेही जेमतेम किलकिली. २०११ च्या एफएम धोरणाने त्यांना खेळांची माहिती द्यायला परवानगी दिली, पण स्थानिक सामने सोडले तर थेट समालोचन वगळून. तेव्हा एखाद्या गावच्या रेडिओ केंद्रावर बावीस वर्षांचे पोरगे रोज बोलून तयार होईल, ही वाट अरुंदच.

तरीही पोरे बोलतातच. हडपसरच्या पुढे एका टेनिस बॉल स्पर्धेला मी नातवाबरोबर गेले होते. मांडवात एक मुलगा कॉर्डलेस माइक घेऊन उभा. दोन्ही संघांतला प्रत्येक खेळाडू त्याला नावानिशी, वाडी-वस्तीसकट पाठ. ‘लेग स्टंपवर फुलटॉस, आणि हा गेला उसात! शोधायला पोरं पाठवा, तोवर सांगतो, गेल्या वर्षी याच उसात यानेच तीन टाकले होते.’ मी कान टवकारले. हा मुलगा मागच्या वर्षीचा स्कोअर डोक्यात घेऊन बोलत होता, समोर कागद नव्हता! तेवढ्यात गोलंदाज धावत निघाला आणि कुणीतरी चिठ्ठी पुढे केली. झाले. ‘आपले सर्वांचे लाडके भाऊ यांचे मैदानावर आगमन होत आहे...’ त्या चेंडूवर मधली यष्टी उडाली, आणि ती कशी उडाली हे यूट्यूबवर ऐकणाऱ्यांना अजून कळलेले नाही. भाऊ मात्र आले, हे कळले.

डाव संपल्यावर त्या मुलाशी बोलले. आठवडाभर कुरिअरचे काम, शनिवार-रविवार स्पर्धा, लग्नसराईत हळदीचे आणि संगीतचे निवेदन. स्पर्धेला दिवसाचे पैसे ठरतात, ते कधी मिळतात, कधी ‘पुढच्या वेळी बघू’. क्रिकेटच्या एका मोठ्या स्पर्धेच्या कार्यालयात आवाजाचे नमुने घेऊन गेला होता. ‘तुम्ही कुठल्या लेव्हलला खेळलात?’ असे विचारून परत पाठवले. त्यांना बॉब युकर यांची गोष्ट सांगायला हवी होती. बेसबॉलमध्ये सहा मोसम खेळून या यष्टिरक्षकाची फलंदाजीची सरासरी बरोब्बर .२००, म्हणजे दहा प्रयत्नांत दोनदाच यश, कुणी कौतुक करावे अशी मुळीच नाही. पुढे १९७१ ते २०२४ मिलवॉकीच्या संघासाठी, आपल्याच जन्मगावी, माइकवर बसून स्वतःच्या खेळाची टिंगल करत त्यांनी तीन पिढ्यांना हसवले. आणि विन स्कली तर व्यावसायिक बेसबॉलचा एकही सामना खेळले नव्हते.

असाच कस खेड, आंबेगाव, जुन्नरच्या बैलगाडा शर्यतींच्या घाटांत (धावपट्ट्यांवर) लागतो. गाडा सुटल्यापासून सेकंदांत खेळ आटोपतो. तेवढ्यात ‘भिर्रर्र’ म्हणून बैल सोडायचे, मालकाचे नाव, गाव, बैलजोडीची कीर्ती आणि घड्याळातली वेळ सांगायची. २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यापासून हे आवाज पुन्हा घुमू लागले आहेत. कुस्तीच्या फडातले निवेदक तर पैलवानाची तीन पिढ्यांची तालीम सांगतात. आपली छोटी लीग ही आहे. तिच्यावर फक्त वरची पायरी बांधलेली नाही.

संघाच्या पगारावर बसलेला समालोचक मिंधा होईल, असा आक्षेप कुणी घेईल. खरे आहे, तिकडेही झाले. सप्टेंबर १९६६ मध्ये यांकीजच्या त्या अवाढव्य स्टेडियममध्ये एका सामन्याला ४१३ प्रेक्षक होते. तेव्हा यांकीजसाठी बोलणाऱ्या बार्बर यांनी कॅमेरा रिकाम्या खुर्च्यांवर फिरवायला सांगितले. कुणी फिरवेना, तेव्हा त्यांनी तोंडाने सांगितले. काही दिवसांतच त्यांना करार वाढवणार नसल्याचे कळवण्यात आले. हारवेल पुढे डेट्रॉइटच्या संघाचा आवाज झाले; त्या संघाने त्यांना १९९१ नंतर नारळ दिला. पण तिथे लोक एवढे खवळले की नव्या मालकाने १९९३ मध्ये त्यांना सन्मानाने परत आणले. एका समालोचकासाठी शहर भांडले, कारण तो आवाज शहराचा झाला होता. २०१६ मध्ये आयपीएलच्या तोंडावर हर्षा भोगले यांना यादीतून वगळले, तेव्हा आपण हळहळलो आणि सामना लावला. रोजच्या आवाजाची मालकी श्रोत्यांकडे येते, आणि तेच समालोचकाचे खरे संरक्षण.

म्हणून माझे मागणे टीव्हीकडे नाहीच. २०२३ पासून गहुंजेला महाराष्ट्र प्रीमियर लीग होते आहे. २०२४ मध्ये पुणेरी पलटणने प्रो कबड्डीचे विजेतेपद मिळवले. या संघांनी आणि संयोजकांनी प्रत्येकी एक मराठी समालोचक संपूर्ण मोसमासाठी पगारावर नेमावा, आणि त्याचे नुसते आवाजाचे प्रक्षेपण इंटरनेटवर फुकट ठेवावे. एक माइक, एक मिक्सर, एक माणूस आणि एक स्कोअरर. निवड करताना ‘कुठल्या लेव्हलला खेळलात’ न विचारता टेनिस बॉलच्या मैदानांवर, घाटांत, तालमींत जाऊन ऐकावे. तोच माणूस पुढच्या मोसमातही ठेवावा, पहिल्या महिन्यात लोकांनी नावे ठेवली तरी. पुणे आकाशवाणीने हे प्रक्षेपण घेतले तर उत्तमच. आणि प्रत्येक सामन्याचे ध्वनिमुद्रण तारखेसह जपावे. जुन्या मराठी समालोचनाची एखादी टेप ऐकायची झाली, तर मी कुणाचे दार ठोठवायचे?

संयोजकांपैकी कुणी हे पत्र वाचत असेल, तर त्या हडपसरच्या मुलाचा नंबर माझ्याकडे आहे. त्याच्या परवानगीने देईन. स्कोअरर लागला तर मी आहेच. मानधन नको, पण टेबल सावलीत हवे आणि चिठ्ठ्या घेऊन येणाऱ्यांना दहा फूट लांब उभे करायची जबाबदारी तुमची.

आपली,
एक निवृत्त स्कोअरर
कोथरूड, पुणे